नाव टाकून मिळेल

१४ जुलै, सोमवार

आज दुकानाचं इन्स्टाग्रामवर खातं उघडलं. उघडलं म्हणजे शेजारच्या पार्लरवाल्या पायलने उघडलं, मी बाजूला बसून ती विचारील ते सांगत होते. नाव काय, निनावे बर्तन भांडार. पत्ता काय, सक्करदरा. खास काय? तिथे मी अडखळले. पायल म्हणाली, "काकू, भांड्यावर नाव टाकून तुमच्यासारखं कोण देते?" आणि तिने लिहून टाकलं, 'नाव टाकून मिळेल.' निनावे आडनावाच्या माणसाने उभा जन्म लोकांची नावं टाकण्यात घालवला यावर आमच्या लग्नापासून लोक हसत आले आहेत.

'मिळेल' लिहिताना माझं मन मात्र खात होतं. नाव टाकणारे घरी आहेत. होळीनंतर ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. तरी कोणाला कळू न देता नाव कोरायची मशीन धरत होते. मग एका लग्नाच्या भांड्यांवर 'सोनिका' लिहायचं तर एक मात्रा सुटली आणि 'सानिका' झालं. मुलीची आई चार माणसांत म्हणाली, भाऊ, आता पुरे करा. ह्यांनी मशीनचं बटन बंद केलं, तिच्यावर फडकं टाकलं आणि घरी आले. त्यानंतर दुकानाची पायरी चढले नाहीत. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. औषध चालू आहे. डॉक्टर म्हणतात माणूस कामात असला तर बरं. ते मला सांगून काय उपयोग.

आमच्या मुलाचं, आयुषचं, पुण्याहून म्हणणं असं की दुकान धर्मेंद्रला भाड्याने द्यावं. धर्मेंद्र म्हणजे चौकात हातगाडीवर मोबाइलची कव्हरं विकतो तो. पोरगा चांगला आहे, भाडं वेळेवर देईल. आयुषही वाईट बोलत नाही, त्याला आमची काळजी आहे. मी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. तोवर दुकान सावरलं तर ठीक, नाहीतर पाडव्याला किल्ली धर्मेंद्रच्या हातात. त्याने मुदत दिली, हे त्याचे उपकारच म्हणायचे.

२७ जुलै, रविवार

पहिली रील केली आणि पहिलीच फजिती झाली. मी आपली सरळ बोलले, आमच्या दुकानात सगळ्या मापाचे गंज आहेत, जाड बुडाचे गंज आहेत, या आणि हाताने उचलून पाहा. तर कोण्या पुण्याच्या बाईने खाली लिहिलं, "स्वतःच सांगताय भांड्यांना गंज आहे? प्रामाणिकपणाला सलाम." त्यावर शेकडो लोक हसले. आता गंज म्हणजे भाजी-वरण करायचं खोलगट भांडं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तिकडे गंज म्हणजे लोखंडाला चढतो तो, हे मला काय माहीत?

पायल म्हणाली, हसले म्हणजे पाहिलं तरी. तेही खरं. त्या पुण्याच्या बाईचे आभारच. तिच्यामुळे आज दोन गिऱ्हाइकं 'गंजवाल्या काकू कोण' म्हणत आली. एकीने पोह्याची चाळणी घेतली.

९ ऑगस्ट, शनिवार, राखी

हे फोनचं प्रकरण म्हणजे चुलीवरून उतरवेपर्यंत गॅस आला, गॅस शिकेपर्यंत इंडक्शन. पायलने आधी फोटो टाकायला शिकवलं. दुकानातली सगळी भांडी पुसून, ओळीने मांडून मी फोटो काढले. तर म्हणे आता फोटो कोणी बघत नाही, रील लागते. मी पान छान चौकोनी सजवलं होतं, तर चौकोन जाऊन उभे खण झाले आणि पाणी भरायच्या सगळ्या पितळी गुंडांच्या बाजू कापल्या गेल्या. शब्दांपुढे ते जाळीसारखं चिन्ह लावायचं मी पाठ केलं, तर त्याचीही फॅशन गेली म्हणतात. पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे. मी तर तीन सेकंदांत पदरही नीट करू शकत नाही.

पण पायलला मी किती दुवा देऊ? स्वतःच्या गिऱ्हाइकीच्या भुवया अर्ध्या ठेवून धावत येते.

एक जण मात्र माझ्या वाटेवर बसूनच असतो. 'जुना गंज' असं नाव, फोटो नाही. मी काही टाकलं की पहिला अंगठा त्याचा. आणि अंगठ्याबरोबर खोडी. आता मशीन मीच धरते, तर 'सप्रेम भेट' कोरलेल्या ताटाची रील टाकली, तर याने लिहिलं, "प्रे ची मात्रा लहान पडली. मशीन उभी धरा." पुढच्या वेळी लिहिलं, "बुडाला हात द्या, डबा घसरतो." मी उत्तर दिलं, एवढं येत असेल तर या आणि टाका. त्यावर गप्प. घरात बसून दुसऱ्याला नावं ठेवायला काय जातं? तरी त्याने सांगितलं तशी मशीन उभी धरून पाहिली. अक्षर खरंच सुधारलं. एरवी माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

ह्यांना सगळं सांगितलं. भिंतीकडे तोंड करून ऐकलं. खांदे हलत होते, खोकला असेल म्हणून मी आलं घालून चहा दिला.

२३ ऑगस्ट, शनिवार, तान्हा पोळा

गल्लीतली मुलं लाकडी बैल घेऊन आली, बोजारा म्हणून खाऊ-पैसे मागून गेली. मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला पायल गेली होती, तिथून तिने मला व्हिडिओ पाठवले. मी ह्यांना म्हटलं, ईडा-पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत म्हणतात, तुम्हीही मनातल्या मनात म्हणा. ते म्हणाले, "ते म्हणून हात थांबते का?" दिवसभरातलं त्यांचं एवढंच वाक्य.

दुकान थंड आहे. आयुषने फोनवर विचारलं, कसं चाललंय. मी म्हटलं, फॉलोअर वाढून राहिले. तो म्हणाला, आई, गिऱ्हाईक? मी विषय बदलला. खरं तर माझी भीती दुकानाची नाही. दुकान गेलं तर ह्यांना उठायला कारणच राहणार नाही, ही आहे. आणि ते दुकानाकडे ढुंकूनही बघत नाहीत. मग मी कोणासाठी धरून बसले आहे, हे कधी कधी माझं मलाच समजत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पितृपक्ष. भांडं घ्यायला कुत्रं फिरकत नाही. पायलकडेही शुकशुकाट. ती म्हणाली, काकू, रिकामं बसण्यापेक्षा मनापासूनची एक रील करू, आता लोकांना दुकान नाही, माणूस पाहायचा असतो. काकांबद्दल बोला. आणि पुस्तकी बोलू नका, घरी बोलता तसं बोला. खालून अक्षरं आपोआप येतील असं एक नवीन ॲप तिने घेतलं आहे. हल्ली लोक आवाज बंद ठेवून बघतात म्हणे, ऑफिसात, बसमध्ये. मला ते पटलं. आम्ही बायका तरी सासऱ्यांसमोर टीव्ही तसाच बघायचो.

ह्यांचं नाव मी आयुष्यात उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. पायल म्हणाली, पूर्ण नाव घ्या, लोक नावानेच ओळखतात. मग घेतलं एकदाचं. म्हटलं, "सक्करदऱ्याचे मनोहरराव निनावे. मले त्यायनंच शिकवलं. जनमभर लोकायच्या भांड्यावर नाव टाकलं. आता मी टाकून राहिली." बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं, ते पायलने कापलं नाही. कोपऱ्यात ह्यांचा तरुणपणचा फोटो लावला, त्याला झेंडूच्या फुलांची चौकट दिली, सण येतो आहे म्हणून. मागे हळू बासरी. म्हणाली, सध्या हीच चालते.

इतकी सुंदर रील आजवर झाली नाही. देवाचे आणि पायलचे आभार मानून दुकान बंद केलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

लागली. रील लागली. सकाळपासून फोन गुरगुरतो आहे. हजारो लोकांनी पाहिलं आणि किती नम्र लोक, पाहतो तो हात जोडतो. नुसते हात जोडलेल्या चित्रांची ओळच्या ओळ. उमरेडच्या एका बाईने लिहिलं, माझ्या आईच्या गुंडावर यांचंच अक्षर आहे, आई गेली तरी गुंड टाकवत नाही. कळमन्याच्या, सावनेरच्या, कुठकुठच्या लोकांनी लिहिलं. एकाने लिहिलं, असा माणूस होणे नाही. वाचून ऊर भरून आला. पुष्कळांनी इंग्रजीत आर-आय-पी लिहिलं आहे. रिप्लायचं लघुरूप असणार, उत्तर द्या म्हणत असतील. पायल चुलत बहिणीकडे भंडाऱ्याला गेली आहे, विचारायला कोणी नाही. मी आपली बसून प्रत्येकाला उत्तर दिलं, "धन्यवाद. दसऱ्याला सहकुटुंब दुकानात या. सवलत चालू आहे."

त्या जुन्या गंजाने मात्र आजही खोडी काढलीच. "टाकण्याच्या अगोदर वाचून घेत जा." एवढंच. गोड दिवसात एक तरी खडा हवाच.

घरी आले तेव्हा हे उठून बसले होते. फोन उशीखाली सारला. डोळे लाल होते. मी विचारलं, रडलात की काय? म्हणाले, धूळ गेली. मग म्हणाले, "लोक आपल्याले ओळखते वं." मी म्हटलं, ओळखतात म्हणजे काय, रील लागली आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

आज जे झालं ते लिहिताना रडू येतं आहे आणि हसूही येतं आहे.

अकराच्या सुमारास कळमन्याचे अडत्ये चंद्रभानजी बायकोला घेऊन दुकानात आले. ह्यांचे जुने स्नेही, दोन्ही मुलींची भांडी आमच्याकडून गेली. दोघंही पांढऱ्या कपड्यांत. मी आनंदाने उठले, कपाळावर हे एवढं कुंकू, या या म्हटलं, चहा मागवला. दोघं माझ्याकडे बघतच राहिले. बाईंनी माझा हात हातात घेतला आणि सोडीचना.

चंद्रभानजींनी हळूच विचारलं, "वहिनी, कव्हा गेले?"

मी म्हटलं, "कुठं गेले? घरीच हायेत. पडून हायेत."

"अजून घरीच?"

"मग कुठं नेऊ त्यायले? दुकानात याले तर तयार नाही."

चंद्रभानजींनी बायकोकडे पाहिलं. म्हणाले, "आयुषसाठी थांबले असान."

मी म्हटलं, "आयुष तं दिवाळीले येईन."

त्यांनी कप बशीत ठेवून दिला. "वहिनी, दिवाळीपर्यंत कसं ठेवान?"

"ठेवाच लागन," मी म्हटलं. "आता सवय झाली."

बाई रडायला लागल्या. मला वाटलं यांच्याच घरी काही झालं. विचारलं तर चंद्रभानजींनी खिशातून फोन काढून माझीच रील समोर धरली. आवाज बंद होता. मी रडत होते, कोपऱ्यात फुलांच्या चौकटीत हे होते, आणि खाली मोठ्या पांढऱ्या अक्षरांत आलं, 'सक्करदऱ्याचे मनोहरराव निनावे मेले.' मग 'त्यांनीच शिकवलं. जन्मभर लोकांच्या भांड्यावर नाव टाकलं. आता मी टाकून राहिली.'

मी म्हटलं होतं मले. त्या ॲपने लिहिलं मेले. एका मात्रेने माझा नवरा मारला, आणि मी सगळ्या जगाला धन्यवाद देऊन दसऱ्याच्या सवलतीला बोलावलं.

चंद्रभानजींना खरं सांगितलं तेव्हा ते स्टुलावर बसून हसले आणि मग टोपी तोंडाशी धरून रडले. बाई म्हणाल्या, मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं. मला तेवढा धीर नव्हता. ह्यांना कोणी बाहेरच्याने सांगितलं तर? आधीच मन खचलेलं माणूस. दुकान त्या दोघांच्या स्वाधीन करून मी ऑटोने घरी धावले.

दार उघडं. हे आंघोळ करून, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीवर बसलेले. गालावर दोन ठिकाणी कापलं होतं. समोर गल्लीतले नत्थूजी हात जोडून उभे, भूत पाहिल्यासारखे. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "टाकण्याच्या अगोदर वाचून घेत जावं माणसानं."

अगदी त्या जुन्या गंजासारखं बोलले. ही सगळी जुनी माणसं एका साच्यातली. नत्थूजींनी सांगितलं असणार. मी दारातच बसकण मारली आणि रडले. हे म्हणाले, "आता काहून रडून राहिली? कुंकू हाय ना तुहं?"

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री अमावस्या

दिवस कसा पाहून निवडला आहे लोकांनी. सकाळपासून घरी रीघ. कोणी फुलं घेऊन, कोणी नुसतेच. काहींची तक्रार की मातीला का नाही कळवलं. आत आले की हे खुर्चीवरून म्हणत, या, बसा. एक म्हातारे गृहस्थ उलट्या पावली परत निघाले होते, त्यांना आयुषच्या मित्राने जिन्यातून धरून आणलं.

पायल भंडाऱ्याहून रडत आली, पाया पडली. तिला वाटलं, आता आमचा संबंध संपला. मी तिला जवळ घेतलं. मुली, मी म्हटलं, ज्या माणसाने सहा महिने इस्त्रीचा सदरा घातला नव्हता, त्याला तू घालायला लावलास. ती म्हणाली, रील काढून टाकते. पण ती आता किती जणांच्या फोनवर गेली, कुठून कुठून काढणार? शेवटी दुसरी टाकायचं ठरलं. मला वाटलं, हे कॅमेऱ्यासमोर बसणार नाहीत. तर स्वतःच म्हणाले, फोन इकडे धर.

"मी मनोहरराव निनावे," म्हणाले. "हाव, हाय मी अजून. दसऱ्याले दुकानात बसीन. ज्याले पाहाचं असन त्यानं येऊन पाहून घ्या." उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला होता.

या वेळी खालची अक्षरं मी चष्मा लावून तीनदा वाचली. ह्यांनीही वाचली. मग जेवताना म्हणाले, त्या उमरेडच्या बाईला सांग, आईचं गुंड टाकू नको म्हणावं, कल्हई करून घे. मी चकित झाले, उमरेडच्या बाईचं ह्यांना कोणी सांगितलं? पायलच सांगत असेल. देवासारखी मुलगी आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक आपट्याची पानं ह्यांच्या हातात देत होते आणि त्यांचा हातच धरून ठेवत होते, तो हलतो म्हणून कोणी दचकलं नाही. पुष्कळांनी आपापली जुनी भांडी दाखवायला आणली होती. कोणाचा डबा, कोणाची परात, कोणाचा मुंजीतला तांब्या. हे प्रत्येक अक्षर बोटाने चाचपून पाहायचे. एका ठिकाणी म्हणाले, हा हात माझा नाही, हा इतवारी बाजारातल्या दुसऱ्या कारागिराचा, आणि बाई ओशाळली.

दुपारी कन्हानच्या कौशल्याबाई आल्या, सत्तरीच्या असतील, नातवाच्या मागे गाडीवर बसून. त्यांच्या पिशवीत एक लहानसा पेला होता, वर नुसतं 'कौशल्या'. त्यांनी सांगितलं ते असं. लग्नात सगळ्या भांड्यांवर नवऱ्याचं आणि सासऱ्याचं नाव टाकून घ्यायचं ठरलं होतं. ह्यांनी तेवढा एक पेला त्यांचं नाव टाकून वरून दिला, न विचारता. घरात माझ्या नावाची तेवढीच एक वस्तू होती, म्हणाल्या. मग त्यांनी नवा कोरा पेला काढून समोर ठेवला, नातीचं नाव टाकायचं म्हणून.

मी पुढे झाले. त्या म्हणाल्या, तू नको बाई, भाऊ टाकतीन.

ह्यांनी हात मागे घेतला. "हात हलते माहा, बाई. मांगच्या खेपी एका पोरीचं नाव बिघडवलं."

कौशल्याबाई म्हणाल्या, "माहाबी हलते. रोज चहा सांडते. म्हणून का चहा सोडू? वाकडं चालते मले. दुसऱ्याचं नाही चालत."

तेवढ्यात बाहेर कोणी घागरी मोजायला बोलावलं म्हणून मी गेले. पायलला सांगितलं, आतलं काही रेकॉर्ड कर, आज पाहणारे पुष्कळ असतील. आत मशीनचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. परत येऊन पाहते तो फडकं खाली पडलं होतं आणि कौशल्याबाई पेला पदराने पुसत होत्या. पायलने एक सेकंदही रेकॉर्ड केलं नव्हतं. नुसती डोळे पुसत उभी होती. अशाने कसा धंदा व्हायचा? पण मी तिला बोलले नाही, सणाचा दिवस.

९ ऑक्टोबर, गुरुवार

फोनवाल्यांनी पुन्हा काही बदललं वाटतं. दसऱ्यानंतरच्या रीला शंभर-दोनशे लोकांपलीकडे जात नाहीत. पायल म्हणते, आता छोट्या नाही, लांब व्हिडिओ चालतात, आणि उत्तरं नुसती लिहून नाही, बोलून द्यायची. मी म्हटलं, बाई, मेल्याची बातमी रोज कुठून आणू?

आश्चर्य म्हणजे तो जुना गंज दसऱ्यापासून दिसला नाही. ना अंगठा, ना खोडी. आजारी तर नसेल? माणूस खवचट होता, पण मला मशीन धरायला त्यानेच शिकवलं. कुठे असेल तिथे सुखी असो. हे मात्र रोज दुकानात येतात. दोन तास बसतात, मग थकतात. नाव टाकायला मी असते, ते बुडाला हात देतात. कधी कोणी हट्टच धरला तर एखादं स्वतः टाकतात. गेल्या आठवड्यात एक मात्रा हुकली, भांडं घरी आणलं. मला वाटलं, झालं, पुन्हा भिंत. ते त्यातच दूध प्यायले.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनतेरस

आयुष आणि सून श्वेता काल आले. आज आयुष दिवसभर गल्ल्यावर होता. गर्दी झाली, देवाची कृपा. बरीच माणसं रीलवाली नव्हतीच, एकमेकांकडून ऐकून आलेली होती. चंद्रभानजींनी चार अडत्ये धरून आणले.

दुकान आवरल्यावर आयुष म्हणाला, आई, आजचा दिवस छान गेला, पण एका धनतेरशीने वर्ष निघत नाही. बाबा दोन तासांत दमतात. फोनवर आज लोक आहेत, उद्या नाहीत. धर्मेंद्रला मी शब्द दिला आहे. त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणून मी गल्ल्यातली चिल्लर मोजत राहिले. श्वेता म्हणाली, बाबांना विचारलं का कोणी? आयुष म्हणाला, बाबा काही बोलतात का कधी? मीही मान हलवली. सून शहाणी मिळाली, हे मात्र मनात म्हटलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

सकाळी ह्यांना ओवाळलं. मग सगळे दुकानात गेलो, पूजा करायची होती. माझ्या कनवटीला किल्ली होती, धर्मेंद्रला द्यायची म्हणून तेलाने पुसून ठेवली होती. एकोणचाळीस वर्षं या कुलपाने भाकर दिली, त्याचा निरोप रडत घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. पूजेत मी नुसते आभार मानले. जे होतं त्याचे.

धर्मेंद्र दहाच्या सुमारास आला. नवा सदरा, हातात पेढे आणि काचेच्या कपाटांचं माप घ्यायला टेप. ह्यांच्या पाया पडला. बिचारा ओशाळलेलाच होता. आयुष पुढे होऊन म्हणाला, ये, माप घेऊन घे. धर्मेंद्रने टेपचं टोक भिंतीला लावलं. ते टोक बरोबर ह्यांच्या मशीनच्या वर आलं.

ह्यांनी मशीनवरचं फडकं काढलं, घडी करून मांडीवर ठेवलं. म्हणाले, "धर्मेंद्र, भांडं घ्याचं हाय का गा?"

धर्मेंद्र गोंधळला. आयुषकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "नाही काका, ते आपलं ठरलं होतं ना..."

"माह्यासंग नाही ठरलं," हे म्हणाले. आवाज चढवला नाही. "मले कोणी विचारलं नाही. मी मेलो होतो तव्हा. आता आलो ना वापस. ह्या दुकानात भांडं भेटते आन् त्यावर नाव टाकून भेटते. घ्याचं असन तं बस."

आयुषने वडिलांकडे पाहिलं. मग त्याने धर्मेंद्रच्या हातातून टेप घेतली, गुंडाळली आणि स्वतःच्या खिशात टाकली. म्हणाला, "बस धर्मेंद्र. तुझ्या जागेचं मी पाहून देतो. माहा शब्द हाय."

धर्मेंद्रने हातातले पेढे गल्ल्यावर ठेवले. मग हसला. वरच्या फळीवरचं पितळी गुंड दाखवून म्हणाला, आईसाठी ते द्या. मी उतरवून दिलं. ह्यांनी ते गुडघ्यांत धरलं, डाव्या हाताने उजवं मनगट दाबलं. आईचं नाव टाकू का, विचारलं. तो म्हणाला, आई नेहमी म्हणते, भांड्यावर पोराचंच नाव पाहिजे. ह्यांनी ते नाव मनात लिहून पाहिलं असावं, कारण ओठ हलले.

"कठीण नाव हाय गा तुहं. रफार हाय, मात्रा हाय, अनुस्वार हाय, जोडाक्षर हाय. वेळ लागन."

"लागू द्या काका," धर्मेंद्र म्हणाला आणि स्टुलावर बसला.

मशीन सुरू झाली. पहिला ध वाकडा आला, ते थांबले, श्वास घेतला, पुन्हा टेकवली. आयुष खाली बसला आणि त्याने गुंडाच्या बुडाला हात दिला. माझा फोन हातातच होता, पायल बाहेरून काढा काढा म्हणून खुणा करत होती. मी तो बाजूला ठेवला आणि धर्मेंद्रसाठी चहा टाकायला गेले.